सुटीतले अरण्य आणि हरवलेले आजोळ

परीक्षा संपून मे महिना उजाडला की वर्तमानपत्रांत आणि चौकाचौकांतल्या फलकांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींची गर्दी होते. सुलेखन, कराटे, पोहणे, वैदिक गणित, संगणक, व्यक्तिमत्त्व विकास या परिचित विषयांच्या जोडीला अलीकडे ‘निसर्ग शिबिर’ हाही एक विषय येऊन बसला आहे. ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु या सर्व शिबिरांची रीत एकच असते. मुलाला सकाळी नेऊन सोडावयाचे आणि ठरल्या वेळी परत आणावयाचे. आईवडिलांचा संबंध शुल्क भरण्यापुरता. निसर्ग हा शिकवणीचा आणखी एक विषय आहे आणि मोठ्यांचा तो केव्हाच शिकून झाला आहे, अशी यामागची समजूत दिसते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आज चाळिशीत असलेल्या शहरी आईबापांपैकी कितीजणांना ऐन आणि किंजळ यांतला फरक सांगता येईल? मुलाच्या ‘हे कोणते झाड?’ या प्रश्नाला ‘असेच काहीतरी रानटी’ असे उत्तर देणारी पिढी आज पालकपदावर आहे. म्हणूनच सुटीतल्या निसर्गशिक्षणाचा प्रश्न एकट्या मुलांचा नसून सबंध कुटुंबाचा आहे.

एका पिढीपूर्वी या शिक्षणाची सोय कोणी मुद्दाम केलेली नव्हती. ती आजोळी आपोआप होत असे. सुटी लागताच मुंबई-पुण्यातील चाकरमानी कुटुंबे कोकणात, देशावर, वऱ्हाडात आपापल्या गावी जात. करवंदाच्या जाळीत हात कसा घालावा, बिब्ब्याच्या झाडाखाली का बसू नये, पावशा ओरडू लागला की शेतकरी बियाण्याकडे का पाहतो, हे धडे आजी, मामा, शेजारचा गुराखी यांच्याकडून मिळत. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे दारिद्र्य होते, जातीपातीची बंधने होती, स्त्रियांना सुटी म्हणजे काय हे ठाऊकही नव्हते. परंतु मोठी माणसे आणि मुले तेथे एकाच झाडाखाली उभी राहत आणि झाडाचे नाव एका पिढीच्या तोंडून दुसरीच्या कानी पडे, ही गोष्ट मोलाची होती. आता गावच्या घरांना कुलपे आहेत आणि अनेक मुलांचे आजोळच अंधेरीला वा कोथरूडला आहे. नावे सांगणारी माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर नावेही चालली.

ही उणीव भरून काढू शकेल अशी सार्वजनिक संस्था आपल्याकडे एकच आहे, ती म्हणजे राष्ट्रीय उद्यान. मात्र त्यासाठी उद्यानाने केवळ फाटक उघडून तिकिटे फाडणे पुरेसे नाही. सुटीच्या दिवसांत कुटुंबाला हाताशी धरून पायी रान दाखविणारा नियमित, स्वस्त आणि जाणता कार्यक्रम चालविणे, हेही उद्यानाचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

शहराच्या उशाशी अरण्य

मुंबईचेच उदाहरण घेऊ. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर पसरलेले आहे. जगातील फार थोड्या महानगरांना आपल्या हद्दीला लागून एवढे रान लाभले आहे. या रानाच्या कुशीत 1860 साली पूर्ण झालेला विहार तलाव आणि 1879चा तुळशी तलाव आहे. शहराच्या पाण्याचा काही हिस्सा आजही त्यांतून येतो. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी आणि दीडशेच्या वर जातींची फुलपाखरे येथे नोंदली गेली आहेत. बिबळ्यासारखा मोठा शिकारी प्राणी येथे मोकळा हिंडतो.

सुटीच्या दिवशी तेथे जाणारे सामान्य कुटुंब काय करते? तलावात होडी फिरविते, जाळीच्या गाडीत बसून वाघ-सिंहांची सफारी करते, कान्हेरीच्या लेण्यांसमोर छायाचित्रे काढते आणि परत येते. या करमणुकीला कोणी नावे ठेवू नयेत. आठवडाभर लोकलच्या गर्दीत पिचलेल्या माणसाचा तो हक्कच आहे. तथापि यातली विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. बोरिवलीच्या रानाशी काडीचाही संबंध नसलेला सिंह मुले पाहून येतात आणि या रानाचे खरे धन मात्र गाडीच्या दोन्ही बाजूंना न पाहिलेले राहून जाते.

उन्हाळ्यात रानात पाहण्यासारखे काय असते, असे पुष्कळांना वाटते. सगळे वाळलेले, करपलेले! हा समज डोळसपणे एक सकाळ रानात हिंडल्याने दूर होईल. ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी साल पर्णहीन रानातच नीट दिसते. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळ्या घोसांनी लवलेला असतो आणि आपल्या राज्याचे फूल असलेला तामण जांभळा होतो. करवंदे, जांभळे पिकतात आणि त्यांच्या बिया दूर नेणाऱ्या पाखरांची व माकडांची लगबग सुरू होते. मेच्या उत्तरार्धात पावसाची चाहूल लागताच नवरंग कोकणपट्टीत उतरतो आणि त्याची दोन सुरांची शीळ झाडीतून ऐकू येऊ लागते. कान्हेरीच्या भिक्षूंनी खडकात खोदलेल्या पोढ्यांत ऐन उन्हाळ्यात पाणी सापडते. पावसाचा थेंब अडवावा कसा याचा यापेक्षा उत्तम धडा कोणते पाठ्यपुस्तक देणार? शिवाय पाणी कोठे उरते आणि त्याच्या भोवती जीवन कसे गोळा होते, हे समजण्याचा ऋतू हाच. निसर्गाची सुटी उन्हाळ्यात नसते. आपल्याला असते, आणि हा योगायोग आपल्या सोयीचा आहे.

योसेमिटीचा धडा

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते 1916 साली स्थापन झाले आणि स्टीफन मॅथर त्याचे पहिले संचालक झाले. 1919च्या उन्हाळ्यात लेक टाहोच्या परिसरात त्यांनी एक दृश्य पाहिले. सुटीसाठी आलेली माणसे नाचगाणे सोडून एका प्राणिशास्त्रज्ञाचे पक्ष्यांवरील व्याख्यान ऐकावयास दाटीवाटीने बसली होती. ते व्याख्याते होते लॉय मिलर. दुसऱ्याच वर्षी, 1920 साली, मॅथर यांनी मिलर आणि हॅरोल्ड ब्रायंट यांना योसेमिटी उद्यानात बोलावून निसर्ग-मार्गदर्शनाची मोफत सेवा सुरू केली. दिवसा मार्गदर्शकाबरोबर पायी फेरी आणि रात्री शेकोटीभोवती गप्पावजा व्याख्यान, असे तिचे साधे स्वरूप होते. 1925 साली अशा मार्गदर्शकांना शिकविणारी उन्हाळी शाळाही तेथे निघाली. पुढे ही प्रथा इतर उद्यानांत पसरली.

त्या प्रयोगातील मर्माची गोष्ट अशी की, तो शाळकरी मुलांचा वर्ग नव्हता. तंबू ठोकून राहिलेली कुटुंबेच्या कुटुंबे त्यात सामील होत. फ्रीमन टिल्डन यांनी या विषयावर 1957 साली लिहिलेल्या ग्रंथात मार्गदर्शकाचे काम माहिती ओतण्याचे नसून कुतूहल चेतविण्याचे आहे, असा विचार मांडला. मुलांसाठी मोठ्यांचेच भाषण पातळ करून वाढू नये, त्यांच्याशी बोलण्याची तऱ्हाच वेगळी असावी, असेही त्यांनी बजावले. आपल्या शिक्षकांनी हे दोन विचार मनात ठेवावेत असे आहेत.

परंतु योसेमिटीचा धडा पुरता वाचावयाचा तर त्याचे दुसरे पानही उलटले पाहिजे. ज्या खोऱ्यात पाहुण्यांना निसर्ग समजावून सांगितला जात होता, त्याच खोऱ्यातील मूळ रहिवाशांना हळूहळू बाहेर काढले जात होते. त्यांची अखेरची वस्ती 1969 साली पाडण्यात आली. झाडांची नावे सांगणारा मार्गदर्शक आला आणि ती नावे पिढ्यान्‌पिढ्या जाणणारा माणूस गेला. हा प्रमाद आपण टाळावयास हवा, कारण आपल्या अरण्यांत तो होण्याची शक्यता तितकीच आहे.

आपले प्रयत्न आणि त्यांच्या मर्यादा

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने निसर्गभ्रमंतीची परंपरा चालविली आणि डॉ. सालिम अली यांच्यासारख्या व्यासंगी पुरुषाने पक्षीनिरीक्षणाचा छंद सामान्यांपर्यंत पोहोचविला. बोरिवलीच्या उद्यानातही निसर्ग माहिती केंद्र आहे आणि जाणकारांसोबत पायवाटांवर फेऱ्या निघतात. विदर्भात तर वैशाखी पौर्णिमेची एक सुंदर प्रथा आहे. त्या रात्री ताडोबा, मेळघाट, नागझिरा आदी वनांत पाणवठ्यांजवळ मचाण बांधून चंद्रप्रकाशात वन्यप्राण्यांची गणना केली जात असे. वाघांच्या शास्त्रीय गणनेसाठी आता स्वयंचलित कॅमेरे आणि अन्य पद्धती आल्या. तेव्हा वनखात्याने ही रात्र बंद न करता ‘निसर्गानुभव’ म्हणून नागरिकांसाठी खुली ठेवली, हा निर्णय शहाणपणाचा होय.

असे असले तरी या प्रयत्नांची व्याप्ती तोकडी आहे. मचाणावरची रात्र वर्षातून एकदाच येते आणि ती लहान मुलांसाठी नाही. व्याघ्रप्रकल्पातील जिप्सीची सफर कारकुनाच्या वा प्राथमिक शिक्षकाच्या पगारात चौघांसाठी सहज परवडण्यासारखी राहिलेली नाही. शिवाय त्या सफरीत सारे लक्ष वाघावर असते. वाघ दिसला नाही तर ‘काहीच दिसले नाही’ असे म्हणत कुटुंब परतते. शेकडो जीवांच्या घरात तीन तास घालवून काहीच न दिसणे, ही दृष्टीची दरिद्रताच म्हटली पाहिजे, आणि ती आपण पैसे मोजून मुलांना शिकवीत आहोत.

शाळांनी तरी हे काम करावे ना? सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. त्यातून पर्यावरण हा विषय आला, पुस्तक आले, गुण आले आणि ‘प्रकल्प’ही आले. हे प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानांत तयार मिळू लागले, हे शिक्षकांना सांगावयास नको. दोष शिक्षकांचा नाही. साठ मुलांना घेऊन पस्तीस मिनिटांच्या तासिकेत रान शिकविता येत नाही. जे शाळेला जमण्यासारखे नाही ते सुटीत, कुटुंबाच्या सोबतीने, उद्यानात जमू शकेल.

काजव्यांचा इशारा

केवळ गर्दी जमविली म्हणजे निसर्गशिक्षण झाले असे मात्र नव्हे. मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, हिरडा, बेहडा, सादडा यांच्या झाडांवर काजव्यांची असंख्य ठिणगीफुले लुकलुकतात. हा सोहळा पाहण्यास अलीकडे मुंबई, पुणे, नाशिक येथून मोटारींच्या रांगा लागतात. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीचा संकेत असतो. त्यांचे प्रौढ आयुष्य मोजक्या दिवसांचे. दिव्यांचे झोत, मोबाइलचा लखलखाट आणि झाडाखालचे गवत तुडविणारे पाय यांमुळे त्या संकेतात विघ्न येते आणि पुढची पिढीच धोक्यात पडते. जे पाहावयास आलो तेच विझवून जाण्याचा हा प्रकार आहे. वनखात्याने शुल्क, वेळा आणि बंधने घालून पाहिली आहेत. पण हजारोंच्या लोंढ्यापुढे मूठभर वनरक्षक काय करणार?

अमेरिकेच्या ग्रेट स्मोकी पर्वतातील उद्यानात जवळपास याच दिवसांत एकतालात लुकलुकणारे काजवे दिसतात. तेथे 2016पासून सोडत काढून मोजक्याच मोटारींना प्रवेश दिला जातो. विजेरीवर लाल वा निळा कागद लावण्याची, ती जमिनीकडे धरण्याची आणि पायवाट न सोडण्याची सूचना असते. आपल्याकडेही संख्येला मर्यादा घालणे अपरिहार्य आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काजवा चमकतो कशासाठी हे ज्याला अंधारात उभे करून कोणी एकदा सांगितले आहे, त्याला दिवा विझविण्यासाठी पोलीस लागत नाही. त्याच्या मुलालाही लागत नाही, किंबहुना मूलच बापाला दिवा विझवावयास लावते. हा कुटुंबाला एकत्र शिकविण्याचा लाभ होय.

जाणकार कोण?

आता प्रश्न उरतो तो सांगणाऱ्यांचा. एवढे मार्गदर्शक आणावयाचे कोठून? उत्तर रानातच आहे. बोरिवलीच्या उद्यानात वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद दीर्घकाळ चाललेला आहे आणि त्यांच्याकडे ‘अतिक्रमण’ या एकाच शब्दातून पाहण्याची शहराला सवय लागली आहे. पण याच लोकांनी बिबळ्याच्या शेजारी राहण्याची रीत जपली आहे. वाघोबाला ते देव मानतात. शहराची रीत काय होती? 2004च्या जूनमध्ये बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले तेव्हा पिंजरे लावून बिबळे पकडण्याचाच आग्रह धरला गेला. एका ठिकाणचा बिबळ्या उचलून दुसरीकडे सोडल्याने संघर्ष वाढतो, हे जुन्नर परिसरातील विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आले होते. 2011 साली वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून मुंबईत लोकजागृतीची मोहीम सुरू केली. कचरा आणि त्यावर पोसलेली भटकी कुत्री बिबळ्याला वस्तीकडे कशी खेचतात, मुलांनी अंधारात एकट्याने बाहेर का जाऊ नये, हे पाड्यांतून व सोसायट्यांतून सांगितले गेले. भीतीची जागा माहितीने घेतली की माणूस आणि प्राणी दोघांचेही जीव वाचतात. ‘निसर्गाची ओळख’ हा हौसेचा नव्हे तर जीवनमरणाचा विषय आहे, हे या उदाहरणावरून पटावे.

मारुती चितमपल्ली यांच्या निधनाने 2025 साली मराठी अरण्यवाङ्मय पोरके झाले. त्यांच्या पुस्तकांतून एक गोष्ट वारंवार दिसते. वनाधिकारी असूनही त्यांनी रानाची बाराखडी गिरविली ती नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून, ढिवरांकडून, गोंडांकडून. अधिकारी ज्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसला, त्यांना शहरी कुटुंबाने गुरू मानण्यात कमीपणा कसला? वारली, महादेव कोळी, गोंड, कोरकू तरुणतरुणींना रीतसर प्रशिक्षण आणि मानाचे वेतन देऊन मार्गदर्शक नेमले, तर रानाला जाणकार मिळतील आणि त्या तरुणांना आपल्याच भूमीत प्रतिष्ठेचे काम मिळेल. ताडोबासारख्या ठिकाणी सफारीचे मार्गदर्शक स्थानिकच असतात. तीच रीत पायी फेऱ्यांना लावावयाची आहे.

करावयाचे काय?

यासाठी मोठ्या इमारतींची वा परदेशी सल्लागारांची गरज नाही. शहरालगतच्या प्रत्येक वनोद्यानाने एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत दर शनिवार-रविवारी पहाटेची व संध्याकाळची एक फेरी ठेवावी. एका मार्गदर्शकामागे वीसहून अधिक माणसे नसावीत. शुल्क दर कुटुंबामागे एकच आणि चित्रपटाच्या एका तिकिटाहून अधिक नसावे. महापालिका व जिल्हा परिषदांच्या शाळांतील मुलांच्या कुटुंबांना ते माफ असावे. मुलाबरोबर घरातील एक तरी मोठे माणूस आलेच पाहिजे, ही अट असावी. आजी-आजोबा आले तर उत्तमच. फेरीत मोबाइल खिशात राहावा. झाडांवरच्या पाट्या आणि हाती द्यावयाच्या पुस्तिका मराठीत असाव्यात, व त्यांत त्या-त्या भागातील बोलीतले नावही असावे. आणि तेच कुटुंब वर्षभरात पुन्हा यावे असे वेळापत्रक आखावे. मेमध्ये पाहिलेली निष्पर्ण कारवी सप्टेंबरात हिरवी झालेली पाहिली आणि ती आठ वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते, येथे 2024 साली फुलली होती, हे कळले, म्हणजे मूल पुढच्या बहराच्या वेळचे आपले वय आपोआप मोजू लागेल.

याला आक्षेप येतील. उन्हात मुलांना काय न्यावयाचे? म्हणून तर फेरी पहाटेची. साप, बिबळे यांचे काय? जाणत्या माणसाबरोबर, पायवाटेवर, उजेडात, गटाने चालणे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि तो शिकणे हाच कार्यक्रमाचा हेतू आहे. खर्च कोण करणार? उद्यानांना फाटकावर उत्पन्न मिळते. त्यातला एक वाटा या कामासाठी राखून ठेवण्यास हरकत नसावी. माणसांची वर्दळ वाढून रानाची शांतता भंगेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच संख्येची मर्यादा काटेकोर हवी आणि उद्यानाचा अंतर्भाग या फेऱ्यांना बंदच राहिला पाहिजे. कडेची एखादी पायवाट आयुष्यभर पुरेल एवढे शिकविते.

शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होण्याचेही कारण नाही. शिक्षकांनी सुटीआधीच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर जवळच्या रानाची वाट सांगावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात वीस झाडे ओळखण्याचा संकल्प सोडावा आणि ती घरच्यांना दाखवावीत. कचेरीतल्या मंडळींनी वार्षिक सहलीचा एक दिवस जलक्रीडा उद्यानाऐवजी खऱ्या उद्यानाला द्यावा.

अरण्ये कायद्याने राखली जातात हे खरे. पण कायदे लोकांच्या इच्छेवर टिकतात. उद्या एखादा रस्ता, एखादी वसाहत, एखादा प्रकल्प रानाच्या अंगावर येईल तेव्हा त्याच्या बाजूने बोलणार कोण? ज्याला त्या रानातील एकाही झाडाचे नाव ठाऊक नाही तो बोलणार नाही. ज्याने आपल्या आईचे बोट धरून तेथे नवरंगाची शीळ ऐकली आहे, तो कदाचित बोलेल. आजोळ परत आणणे कोणाच्या हाती नाही. परंतु आजोळी जे मिळत असे ते सर्वांना, जातपात आणि ऐपत न पाहता, उपलब्ध करून देणे लोकशाहीला शक्य आहे. येत्या सुटीत ती सुरुवात व्हावी.